आधी उघडून तर बघ

गेल्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर माझा फोन दुपारी बारालाच मान टाकायला लागला. सकाळी सातला शंभर टक्के, दुसऱ्या तासाला पन्नास, आणि मधल्या सुट्टीत कँटीनमध्ये चार्जरसाठी याला विचार, त्याला विचार. फोन जेमतेम अडीच वर्षांचा होता. नोट्स त्यात, वर्गाचा ग्रुप त्यात, परीक्षेचा फॉर्म त्यात, बसचं तिकीट काढायला लागणारे पैसेसुद्धा त्यात. फोन बंद पडला की मी अर्धी बंद पडायचे.

सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. काउंटरवरच्या मुलानं फोन नीट हातातही घेतला नाही. "अडीच वर्षं झाली ना मॅडम? एक्स्चेंजमध्ये घालून टाका." मी म्हटलं, बॅटरी बदलून मिळेल का? तर म्हणाला, बॅटरी मागवावी लागेल, पंधरा दिवस लागतील, आणि उघडताना डिस्प्ले फुटला तर जबाबदारी आमची नाही. शेजारीच नव्या फोनची पाटी होती. अठरा हजार, बारा हप्ते, महिना दीड हजार.

खरं सांगते, मला राग आला नाही. मला बरंच वाटलं. नवीन फोन घ्यायला कारण मिळालं होतं, आणि तेही माझ्या तोंडून नाही, कंपनीच्या माणसाच्या तोंडून.

रात्री पप्पांना सांगितलं. पप्पा उद्यमबागेत टर्नर आहेत. तीस वर्षं लेथवर गेली. आमच्या घरात कोंकणी बोलतात, पण ते जे म्हणाले ते मराठीत असं: "बॅटरी गेली म्हणजे फोन गेला होय? आधी उघडून तर बघ."

मी म्हटलं, "पप्पा, आत्ताचे फोन उघडत नाहीत."

"जे कुणीतरी बंद केलंय, ते कुणालातरी उघडता येतं."

त्यावर मला काही सुचलं नाही. महिना दीड हजार म्हणजे पप्पांचा किती तासांचा ओव्हरटाइम, हा हिशेब मात्र डोक्यात सुरू झाला होता.

दुसऱ्या दिवशी खडे बाजारच्या मागच्या एका गल्लीत गेले. चार बाय सहाचं दुकान. एका माणसाला बसायला जागा, दुसऱ्यानं बाहेर पायरीवर उभं राहायचं. दुकानातल्या काकांनी फोन कानाशी न धरता डोळ्यांशी आडवा धरला आणि पाठीमागचं झाकण बोटानं दाबून बघितलं. "बॅटरी जरा फुगलीया ताई. फोनाला काय धाड भरलीया? बसा की अर्धा तास."

मी बसले, म्हणजे पायरीवर उभी राहिले. त्यांनी झाकणाच्या कडेवर गरम हवा सोडली. डिंक सैल झाला तसं गिटार वाजवायच्या पिकसारखं एक पातळ प्लास्टिक कडेनं फिरवलं. झाकण सुटलं. आत बारीक बारीक स्क्रू, दोन फिती, आणि मधोमध काळी, किंचित पोट सुटलेली बॅटरी. ती काढली, नवी बसवली, चिकटवलं, रबर लावून दाबून ठेवलं. अकराशे रुपये घेतले. हे लिहितेय तोही याच फोनवर. एका कोपऱ्यात झाकण केसाएवढं उचललेलं आहे, त्यामुळे पावसात मी त्याला जपते. बाकी झक्कास चाललाय.

मित्रमैत्रिणींनो, एवढं झाल्यावर मी वसतिगृहात आणि वर्गात सगळ्यांना सांगत सुटले, की नवीन काही घेऊच नका, सगळं दुरुस्त करा, जुनं ते सोनं. चार दिवस माझा मोठा रुबाब होता. मग आजीनं मला गप्प केलं.

आमच्या घरी आल्तारासमोर क्रूसाच्या पायाशी एक लाल झीरोचा बल्ब असतो. तो कधीच विझत नाही. आजोबा असल्यापासूनची रीत आहे. बल्ब गेला की आजी जपून ठेवलेल्या खोक्यातला दुसरा काढून लावायला सांगते. तो जुना, तारेचा, काचेचा बल्ब. मी तो बदलून एलईडीचा आणला तेव्हा आजी म्हणाली, "कशाला गो? झीरोला वीज लागते होय? आणि तूच सांगत होतीस ना, जुनं टाकू नये म्हणून?"

आता उत्तर द्यायला हवं होतं. म्हणून कागद घेऊन बसले. साहित्याच्या विद्यार्थिनीला गणित जमत नाही असं समजू नका.

तारेचा झीरो बल्ब नावाला झीरो असतो. प्रत्यक्षात तो साधारण १५ वॅट वीज खातो. चोवीस तास जळला तर दिवसाला ०.३६ युनिट, महिन्याला जवळजवळ ११ युनिट, वर्षाला १३० युनिट. अर्ध्या वॅटचा एलईडी तेवढ्याच वेळात वर्षाला साडेचार युनिटही घेत नाही. म्हणजे आल्तारासमोरचा 'झीरो' आमच्या घरातल्या लपलेल्या मोठ्या खर्चांपैकी एक होता.

आता फोन. ५,००० एमएएचची बॅटरी पूर्ण भरायला सुमारे १९ वॅट-अवर वीज लागते. चार्जरमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी धरून २५ म्हणू. रोज एकदा शून्यापासून शंभरपर्यंत भरली तरी वर्षाला ९ युनिट. वर्षाला! आजीचा झीरो बल्ब एका महिन्यात जेवढी वीज खातो, तेवढी माझा फोन अख्ख्या वर्षातही खात नाही.

मग फोनचा पर्यावरणावर भार पडतच नाही का? पडतो, पण आपल्या भिंतीवरच्या प्लगमध्ये नाही. फोन तयार होतानाच त्याचा बहुतेक भार पडून गेलेला असतो. खाणीतून धातू काढणं, चिप बनवणं, पडदा बनवणं, जगभर वाहतूक. मोठ्या कंपन्या स्वतःच्या पर्यावरण अहवालांत हे मान्य करतात. एका फोनच्या निर्मितीत ५० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार पडतो असं हिशेबापुरतं धरू. आपल्या देशात एक युनिट विजेमागे साधारण ०.७ किलो पडतो, म्हणजे फोन चार्ज करण्याचा वर्षाचा भार सहा-साडेसहा किलो. तोच फोन दोन वर्षांत टाकला तर निर्मितीचा भार वर्षाला २५ किलो पडतो. पाच वर्षं वापरला तर १०. रात्री चार्जर बंद करायची आठवण ठेवून जे वाचणार नाही, ते फोन तीन वर्षं जास्त वापरून वाचतं.

म्हणून मला जे म्हणायचं आहे ते 'जुनं ते सोनं' एवढं सोपं नाही. वस्तू वापरताना जास्त खाते की बनताना, हे आधी विचारायचं. बल्ब, जुना फ्रिज, जुना एसी ही वापरताना खाणारी मंडळी. ती फार जुनी झाली तर मायेपोटी सांभाळू नयेत. २०१५ मध्ये उजाला योजना आली आणि देशभर ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले, ते याच हिशेबानं शहाणपणाचं होतं. फोन, लॅपटॉप, टॅब ही मात्र बनताना खाणारी मंडळी. ती शक्य तेवढी वर्षं टिकवायची, आणि टिकवायची तर दुरुस्त करावीच लागणार. आपण नेमकं उलटं करतो. फोन दोन वर्षांत बदलतो आणि झीरोचा बल्ब पिढ्यान्‌पिढ्या लावतो.

आजीला मी सगळं वाचून दाखवलं. तिनं एलईडी लावू दिला. "उजेड तोच आहे ना? मग देवाला काय," एवढंच म्हणाली.

आता बनताना जे जातं ते फक्त धूर आणि वीज नसतं. फोनच्या बॅटरीत कोबाल्ट असतो आणि जगातल्या कोबाल्टचा निम्म्याहून मोठा वाटा आफ्रिकेतल्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येतो. तिथल्या काही खाणींत माणसं हातानं खणतात आणि त्यांत मुलंही असतात, हे मानवी हक्क संघटनांनी वारंवार नोंदवलंय. दुसऱ्या टोकाला कचरा. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, आणि त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे फक्त २२.३ टक्क्यांची. उरलेल्यापैकी किती घरांच्या खणांत आहे, किती दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत हातोडी आणि ॲसिडनं फोडला जातोय, कोण सांगणार.

आमच्या पॅरिशच्या युवकांच्या बैठकीत एकदा पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या 'लाउदातो सी' या पत्रावर चर्चा झाली होती. वापरून फेकून देण्याची सवय वस्तूंपुरती थांबत नाही, ती माणसांपर्यंत पोचते, असा त्यातला एक मुद्दा. तेव्हा मी मान डोलावली होती आणि टेबलाखाली नव्या फोनचे रिव्ह्यू बघत होते. हे कबूल केलं नाही तर पुढचं लिहायला मला तोंड नाही.

कारण त्या चार बाय सहाच्या दुकानात मला तो मुद्दा डोळ्यांनी दिसला. काकांना विचारलं, हे काम शिकवताय का कुणाला? म्हणाले, "कोण येतंय ताई? पोरगा डिलिव्हरीला जातोय. त्यात महिन्याला ठरीव तरी मिळतंय. इथं रोज नवीन फोन येतोय, तो उघडायचा कसा हेच कंपनी सांगत नाही." पूर्वी बॅटरी नखानं निघायची. आता डिंक. काही फोनमध्ये अस्सल सुटा भाग बसवला तरी सॉफ्टवेअर त्याला ओळखत नाही आणि पडद्यावर इशारा झळकतो. भिंगाखाली केसाएवढा टाका घालणारा हा माणूस, त्याच्या हातातली कला वाया जात नाहीये, ती वाया घालवली जातेय. फोन फेकण्याजोगा केला की फोन दुरुस्त करणाराही आपोआप फेकला जातो.

आता दुसरी बाजूही मांडायला हवी. नाहीतर तुम्ही म्हणाल, एका फोनच्या जोरावर ही जगाला शिकवायला निघाली.

पहिली गोष्ट, डिंक केवळ दुष्टपणानं लावलेला नाही. त्यामुळे फोन पातळ होतो, आत पाणी आणि धूळ शिरत नाही. आपल्याकडच्या पावसात हे काही कमी नाही. माझ्या फोनचं झाकण एका कोपऱ्यात उचललंय, त्याची किंमत मी जून ते सप्टेंबर रोज मोजते. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरते.

दुसरी, स्वस्तातली नकली बॅटरी धोक्याची असते. लिथियमची बॅटरी पेट घेऊ शकते. काकांनी मला दोन बॅटऱ्या दाखवल्या होत्या, एक सहाशेची आणि एक अकराशेची, आणि सहाशेची घेऊ नका असं स्वतःच सांगितलं. सगळेच असं सांगतील असं नाही.

तिसरी सगळ्यात अडचणीची. बॅटरी बदलली तरी फोनला सुरक्षेचे अपडेट यायचे बंद झाले, तर त्यावर बँकेचे व्यवहार करणं शहाणपणाचं नाही. काकांच्या हातात स्क्रू ड्रायव्हर आहे, अपडेट नाही. ते कंपनीच्या हातात आहे.

म्हणूनच हा फक्त आपल्या सवयींचा प्रश्न नाही, कायद्याचाही आहे. २०१७ च्या डिसेंबरमध्ये ॲपलनं मान्य केलं होतं, की बॅटरी जुनी झालेले काही आयफोन सॉफ्टवेअरमधून मुद्दाम हळू केले जात होते. फोन अचानक बंद पडू नयेत म्हणून, हे त्यांचं कारण. ओरड झाल्यावर त्यांनी बॅटरी बदलण्याचा दर उतरवला, आणि कित्येकांना कळलं की आपला फोन म्हातारा नव्हता, फक्त बॅटरी थकली होती. फ्रान्समध्ये २०२१ पासून फोन आणि लॅपटॉपवर तो किती सहज दुरुस्त होतो याचे दहापैकी गुण छापावे लागू लागले. युरोपीय संघात २०२५ च्या जूनपासून नव्या फोनसाठी सुटे भाग वर्षानुवर्षं उपलब्ध ठेवणं आणि अपडेट देत राहणं बंधनकारक झालंय. आपल्याकडे केंद्र सरकारनं २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, आणि फोनवर असे दुरुस्तीचे गुण छापावेत अशी शिफारस एका समितीनं २०२५ मध्ये केली. शिफारस म्हणजे कायदा नव्हे. पण फ्रिजवरचे तारे बघून फ्रिज घ्यायला आपण शिकलोच ना? तसे फोनवर दुरुस्तीचे तारे आले तर तेही बघायला शिकू. ते यावेत म्हणून मागणी करणारे आपणच असायला हवेत, कारण सगळ्यात जास्त फोन आपल्या वयाची मुलं बदलतात.

तोवर काय करायचं? मी स्वतःपुरतं ठरवलंय ते सांगते, पटलं तर घ्या.

दुकानात कॅमेरा किती मेगापिक्सेल हे विचारण्याआधी तीन प्रश्न विचारायचे. बॅटरी बदलून मिळेल का आणि कितीला? सुरक्षेचे अपडेट कुठल्या वर्षापर्यंत येणार? सुटे भाग बेळगावात मिळतात की बाहेरून मागवावे लागतात? मी मैत्रिणीबरोबर फोन घ्यायला गेले तेव्हा हे विचारलं. विक्रेत्याला पहिल्याचं उत्तर येत नव्हतं, त्यानं फोन लावून कुणालातरी विचारलं. दहा जणांनी विचारलं तर अकराव्याला तो उत्तर पाठ करून ठेवेल.

फोन हळू झाला की आधी बॅटरीची तब्येत बघायची. दुरुस्तीचा खर्च नव्या फोनच्या निम्म्याहून जास्त येत असेल किंवा अपडेट बंद झाले असतील, तर हट्ट धरायचा नाही. नवीन घ्यायचा, पण जुना खणात कोंबायचा नाही.

या खणाचंच बघा. हे सगळं लिहायच्या आधी मी घरातला खण उपसला. चार मेलेले फोन निघाले. त्यातला एक माझाच, बारावीतला, 'स्लो झाला' म्हणून सोडलेला. त्याची बॅटरी फुगून झाकण उचललं गेलं होतं. दोन वर्षं तो आजीच्या प्रार्थनेच्या पुस्तकांखाली पडून होता. अशी बॅटरी टोचायची नाही, दाबायची नाही, आणि घंटागाडीत तर अजिबात टाकायची नाही. गाडीत कचरा दाबला जातो तेव्हा ती पेटू शकते. आपल्या शहराचा कचरा तुरमुरीला जातो. तिथं राहणाऱ्यांनी आपल्या खणातली आग का सोसावी? १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार उत्पादकांवर असा माल रीतसर पुनर्वापराला पोचवण्याची जबाबदारी आहे. पण खणातून माल बाहेर काढायचं काम आपलंच.

म्हणून आपल्या मंडळापुढे एक सूचना ठेवते. वर्षातून आपण कविसंमेलन घेतो, अभिवाचन घेतो. पुढच्या सत्रात एक शनिवार दुपार 'उघडून बघू' म्हणून ठेवूया. ज्याच्या घरात बंद पडलेलं काही असेल, फोन, इअरफोन, मिक्सर, ट्रान्झिस्टर, ते घेऊन या. भौतिकशास्त्र विभागाकडे सोल्डरिंगची साधनं आहेत, ती मागू. खडे बाजारातल्या काकांना मी विचारून ठेवलंय. पाहुणे म्हणून यायला तयार आहेत, फक्त भाषण करायला लावू नका म्हणाले. मानधनाचं पाकीट मात्र कवींना देतो तेवढंच द्यायचं, हा माझा आग्रह आहे. जे दुरुस्त होईल ते घरी न्या. जे होणार नाही ते एकत्र करून नोंदणी असलेल्या ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे देऊ.

साहित्य मंडळानं हे कशाला करायचं, असं कुणी विचारेल. मी पप्पांना विचारलं. त्यांनी जेवता जेवता मला उलट विचारलं, "तुम्ही वर्गात कविता घेऊन काय करता?"

मी म्हटलं, "आत काय आहे ते बघतो."

"मग?" म्हणाले, आणि भात वाढून घेतला.

नावं माझ्याकडे किंवा मंडळाच्या सचिवाकडे द्या. फुगलेली बॅटरी असेल तर आणू नका, आधी सांगा.